बांगड्याच्या गावातले चष्मे

प्रिय सोनू,

काल फोनवर म्हणालीस ना, बाबा इथे जपानात साबाएला बर्फ, भातशेती आणि चष्मे सोडून काही नाही, सातला गाव झोपतं. अगं पण "चष्मे सोडून" म्हणजे काय? तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बसलेल्या बापाला हे सांगतेस! बाकी जपानीत साबा म्हणजे बांगडा हे तूच सांगितलंस, गावाच्या नावात बांगडा आणि गावाला समुद्रच नाही, हे मला जाम आवडलंय.

सत्तर हजाराच्या आतली वस्ती, पण जपानात बनणाऱ्या फ्रेम्सपैकी नव्वद टक्क्यांच्या वर तुमच्या त्या भागातून निघतात. आणि कारण काय, तर तू ज्याच्या नावाने बोटं मोडतेस ना, तोच बर्फ. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली, हाताला काम नाही, घरात पैसा नाही. शोनो गावात (आता फुकुई शहरात येतं ते) गोझाएमोन मासुनागा म्हणून जमीनदार होता, त्याने आधी रेशमाचा कपडा विणून बघितला, तो धंदा बसला. मग ओसाकाला असलेला भाऊ कोहाची म्हणाला चष्मे कर, लोक शिकतायत, पेपर वाचतायत, चष्मा लागणारच. १९०५ साल. गावात कोणी चष्मा केलेला नाही, म्हणून ओसाकाहून कारागीर आणले आणि शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवलं. एकेका उस्तादाच्या हाताखाली पोरांची टोळी, टोळ्याटोळ्यांत चुरस, शिकून तयार झालेला पुढे स्वतःचं दुकान मांडणार, असं करत करत धंदा गावोगाव पसरला. एकदा बुडलेल्या माणसाने पुन्हा गावालाच सोबत घेऊन पैसा लावला, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

आता तिथे एकच कंपनी सगळी फ्रेम करते असं नाही बरं का. कोणी फक्त बिजागरी करतो, कोणी काडी, कोणी नाकाचं पॅड, कोणी नुसतं पॉलिश, दोनशेच्या वर टप्पे असतात म्हणे एका फ्रेमला. गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन म्हणतं एवढ्याशा तारेचे एवढे पैसे?

आणि टायटॅनियम! आपल्याकडे घामाने साधी फ्रेम कळकते, हिरवी होते, नाकाला खाज सुटते, तुझ्या आजोबांना आठव. टायटॅनियम हलकं, गंजत नाही, अंगाला लागत नाही, पण कापायला महाहट्टी, आणि उघड्या हवेत तापवून जोडायला गेलं की हवेशी रिॲक्ट होऊन जोड ठिसूळ, म्हणून हवा दूर ठेवायला आर्गॉन वायू सोडून जोडावं लागतं. ही विद्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्या साबाएवाल्यांनी जगात पहिल्यांदा जमवली.

पुढे स्वस्त चिनी माल आला, बरेच कारखाने बंद पडले. त्यात इतकी वर्षं ते लोक राबले दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी, फ्रेम यांची, काडीवर नाव भलत्याचंच, म्हणून मग गावाचंच नाव पुढे करायला लागले. उशीर केला असं माझं मत, पण केलं.

कावादा भागात लाखेची भांडी करतात, दीड हजार वर्षांची परंपरा सांगतात, तिकडेही जा एखाद्या रविवारी. पण आधी चष्म्याचं म्युझियम. जुनी हत्यारं ठेवलीत तिथे, व्हिडिओ कॉल कर, आणि हळू फिरव फोन, मागच्या वेळी देवळाचा नुसता छप्परच दाखवलास.

आणि एक, आईसाठी टायटॅनियमची फ्रेम बघ. माप ५०-१८-१४० (काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये), काडीच्या आत कोरलेलं असतं. जास्त मोठी नको, तिचा नंबर मोठा आहे, काच जाड दिसते. किंमत मला सांग, तिला नको.

तुझा,
बाबा