बाबांना काम सांगणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही समोरच्याच विंगमध्ये राहता. पण दारात येऊन आभार मानायला लागले की "अगं, त्यात काय" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून इथे, सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे.

झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली. डावा हात तेवढा हलतो. दिवसभर सोबत असते ती आकाशवाणीची आणि अभंगांची. त्यासाठीच त्यांच्या खोलीत वायफायवरचा स्पीकर लावला आणि भिंतींपलीकडे रेंज जाईना म्हणून घरात मेशचे, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारे, तीन डबे बसवले. तेव्हापासून आवाज मध्येच तुटायला लागला. तान अर्ध्यावर थांबली की बाबा स्पीकरकडे नुसते बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही.

तीन महिने मी फोन करत होते. नेटवाले येऊन मोबाइलवर स्पीड दाखवायचे, "मॅडम, पूर्ण 100 येतोय, स्पीकरचाच प्रॉब्लेम आहे." स्पीकरवाले म्हणायचे, रीसेट करा, नाहीतर नेटवाल्यांना विचारा. एकाने तर बाबांच्या देखत विचारलं, "यांना कळतं का, काय वाजतंय ते?" आणि तो जिना उतरायच्या आत माझ्या मोबाइलवर मेसेज, तक्रार सोडवली आहे. त्या दिवशी मी खूप रडले.

तुम्ही आलात आणि डब्यांना हातही लावला नाहीत. खुर्ची ओढून पलंगाशी बसलात आणि मला नाही, बाबांना म्हणालात, "साहेब, आवाज तुटला की हात वर करायचा. वेळ मी लिहून घेतो."

काका, आजारी पडल्यापासून बाबांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

चार वाजल्यापासून सातपर्यंत तुम्ही दोघं बसून होतात. बाबांचा हात वर गेला की तुम्ही लाइट बिलाच्या पाठीवर वेळ टिपायचात आणि आत हाक मारायचात, "आत्ता काय चालू होतं गं?" तिसऱ्या हाकेला मी गरम दुधाचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मायक्रोवेव्ह! आधीच्या दोन्ही वेळी मी चहाच गरम केला होता.

मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, स्पीकरचं वायफाय 2.4 च्या पट्ट्यात, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळणार, आणि मधला डबा आम्ही नेमका फ्रिजवर, मायक्रोवेव्हला खेटून ठेवलेला. त्यात ही डोंबिवली. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल, म्हणजे वायफायच्या वाटा, तीनच, 1, 6 आणि 11, आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले. तुम्ही डबा पॅसेजमध्ये आणलात, स्पीकर 5 गिगाहर्ट्झवर घेतलात. नेटवाल्यांचा राउटर आणि मेश दोघेही आपापलं वेगळं नेटवर्क चालवत होते, म्हणून स्पीकर माझ्या फोनला कधी दिसायचा, कधी नाही. तेही मिटवलंत. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. त्याआधीचे तीन तास मात्र कुणीच दिले नव्हते. बिघाड समोर येईपर्यंत थांबायला कुणाला सवडच नव्हती.

तुम्ही टेलिफोन खात्यात आयुष्य काढलंत. समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, हे तिथेच अंगी बाणलं असेल, किंवा तुमच्या घरातूनच आलं असेल. अशी माणसं शेजारी आहेत म्हणून आमच्यासारख्यांची घरं चालतात. मी हे मनापासून म्हणते आहे.

निघताना मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही चहाच मागितलात, आणि तोही गॅसवर केलेला. ते लाइट बिल बाबांनी उशीखाली ठेवलं आहे, काढू देत नाहीत.

काल संध्याकाळी त्यांनी हात वर केला. मी धावत गेले, तर अभंग नीट चालू होता. बाबा तुमच्या खुर्चीकडे बोट दाखवत होते.

रविवारी चारला या, काका. थालीपीठ करते.