गिअर किती ते नको, दाते किती ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पावसाळी भटकंतीसाठी सायकल निवडण्याबद्दल मजकूर आला होता. ब्रेक, टायर आणि हेल्मेटबद्दल त्यात लिहिलेले योग्यच आहे. पण ‘येऊर किंवा खारघरच्या टेकडीवर जायचे तर किमान २१ गिअरची सायकल घ्या’ हा सल्ला वाचकांना खड्ड्यात घालणारा आहे. चढावर गिअरची संख्या कामी येत नाही, दात्यांची येते.

२१ म्हणजे पुढच्या ३ आणि मागच्या ७ चकत्यांचा गुणाकार. बाजारात सर्रास दिसणारी जोडणी घ्या: पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच). पुढची ४८ आणि मागची २४ लावली की गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे; ते जितके कमी, तितका पायडल हलका) २ येते. पुढची २८ आणि मागची १४ लावली तरी २ च. ३८ आणि १८ लावली तर २.११. एकच गिअर तीनदा मोजून विकला आहे! चढावर उपयोगाचा असतो तो फक्त एक कोपरा, पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी. इथे तो २८ भागिले २८, म्हणजे १. आता पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ११ ते ४० दात्यांची, आठ चकत्यांची कॅसेट (चाकावर सरकवून बसवायचा चकत्यांचा संच) असलेली सायकल पाहा. तिचे गुणोत्तर ०.८. आठ गिअरची सायकल एकवीसवालीपेक्षा चढाला हलकी, आणि पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) नसल्याने तो बिघडायचाही प्रश्न नाही.

मग गुणोत्तर हवे किती? त्याचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. स्वार, सायकल, पाण्याची बाटली आणि पाठपिशवी मिळून ८८ किलो धरू. १० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंची, हे वजन सुमारे ८६ न्यूटन जोराने मागे खेचते. टायरचे घर्षण धरून ९३. रोज सायकल न चालवणारा निरोगी माणूस अर्धा तास साधारण १५० वॅट ताकद लावू शकतो असे मानले, तर वेग निघतो तासाला ५.८ किलोमीटर. या वेगाला पायडल मिनिटाला ६० वेळा फिरायचे असेल तर एका फेऱ्यात सायकल १.६ मीटरच पुढे जायला हवी. ७००×३२ टायरचा घेर सुमारे २.१५ मीटर असतो. म्हणून गुणोत्तर हवे ०.७५, म्हणजे पुढे २४ मागे ३२, किंवा पुढे ३० मागे ४०. याच हिशेबाने ७ टक्के चढाला १ पुरते.

गुणोत्तर जास्त असले तर काय होते? हाच स्वार ५०/३४ ची क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या; इथे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन) आणि ११-२८ ची कॅसेट असलेल्या रोड बाईकवर बसला की त्याचे गुणोत्तर १.२१ पडते. तेवढ्याच ताकदीत पायडल मिनिटाला ३७ वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो, मांड्या भरून येतात, आणि माणूस ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणत उतरून सायकल ढकलू लागतो. सीट खाली ठेवलेली असेल तर गुडघ्याचे हाल आणखी.

चढ किती टक्क्यांचा आहे हे फोनवरच्या नकाशात उंची आणि अंतर पाहून काढता येते, पण सरासरीवर विसंबू नका. चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणारा खारघरचा रस्ता असो की बेलापूरची पारसिक हिल, सायकल थांबवतो तो मधला वीस-तीस मीटरचा उभा तुकडा. घाटवळणावर आतली कड नेहमी बाहेरच्या कडेपेक्षा उभी असते, आणि आपण डावीकडून चालत असल्याने डाव्या वळणावर नेमके त्या कडेला सापडतो. तुमचा सर्वांत हलका गिअर त्या तुकड्यासाठी असावा. सपाट पाम बीच रोडवर कोणताही चालतो.

घरात असलेली सायकल चढाला हलकी करायची असेल तर आधी मागच्या चाकावर फ्रीव्हील आहे की कॅसेट हे पाहा. चाक काढून चकत्या हाताने उलट फिरवा आणि मधल्या खाचांवर, जिथे उघडायचे हत्यार बसते तिथे, नजर ठेवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट बसत नाही. त्यासाठी हब किंवा अख्खे चाक बदलावे लागते. अशा वेळी स्वस्त उपाय म्हणजे १४-३४ चे सात चकत्यांचे फ्रीव्हील. त्यात २४ नंतर एकदम ३४ दाते येतात, त्यामुळे शेवटचा गिअर पडताना पाय रिकामा फिरल्यासारखा वाटतो. पण पुढे २८ असेल तर गुणोत्तर ०.८२ मिळते, आणि त्यापुढे तो धक्का काहीच नाही. जुने फ्रीव्हील प्रत्येक पायडलबरोबर आवळत गेलेले असते. खाचेत बसणारे हत्यार व्हाइसमध्ये (बाकाला बसवलेल्या शेगड्यात) धरून वरून चाक फिरवले की ते सुटते. छिन्नी-हातोडीने काढणाऱ्या कारागिराकडे चाक देऊ नका. नवे चढवताना आट्यांना ग्रीस हवेच. वजनदार स्वाराने मात्र पैसे घालून कॅसेटचा हबच घ्यावा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत असतात, त्यामुळे तिथे एक्सल (चाकाचा आस) वाकतो.

मागची मोठी चकती मागच्या डिरेलरला पेलते का, हेही तपासा. पुढच्या चकत्यांतील फरक आणि मागच्या चकत्यांतील फरक यांची बेरीज करा. ५०/३४ आणि ११-३४ ला ती १६ अधिक २३, म्हणजे ३९ होते. आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे दोन कप्प्या धरणारा, खाली लोंबणारा भाग) डिरेलर एवढी ढिली चेन ओढून धरू शकत नाही, लांब पिंजऱ्याचा लागतो. मागे आठ किंवा नऊ चकत्यांची शिमानोची रोड बाईक असेल तर त्याच कंपनीचा नऊ गिअरचा एमटीबी (माउंटन बाईकचा) डिरेलर तिच्या शिफ्टरवर (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्यावर) चालतो. दहा गिअरचा एमटीबी डिरेलर चालत नाही, कारण तिथे केबल खेचण्याचे माप वेगळे आहे. पुढची चकती लहान करायला निघालात तर आधी क्रँक पाहा. स्वस्त क्रँकच्या चकत्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात, त्या सुट्या बदलत नाहीत. रोडच्या ५०/३४ क्रँकवर ३४ पेक्षा लहान चकती सहसा मिळत नाही.

यानंतरची चूक महागात पडते: मागची चकती मोठी केली, चेन जुनीच ठेवली. चेन आखूड पडते, आणि भर चढावर चुकून मोठीवर मोठी चकती लागली की डिरेलर ओढला जाऊन हँगर (फ्रेमवरचा, डिरेलर अडकवायचा कान) मोडतो किंवा तो आऱ्यांत जातो. नवी चेन घ्या. डिरेलरमधून न घालता ती पुढच्या व मागच्या मोठ्या चकत्यांवरून गुंडाळा. टोके जुळतील तिथपासून आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच, ठेवा आणि मग कापा. वरची कप्पी आणि मोठी चकती यांच्यात बी-स्क्रूने (डिरेलरची ही फट कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूने) ५-६ मिलिमीटर फट ठेवा. शेवटी एल-स्क्रू (डिरेलर आऱ्यांकडे किती सरकेल ते ठरवणारा) असा लावा की चेन मोठ्या चकतीवर चढेल पण आऱ्यांकडे सरकणार नाही. जुनी, ताणलेली चेन नव्या चकत्यांवर जोर लावताच घसरते. १२ इंचांच्या मापात चेन १/१६ इंच वाढली की बदलावी. १/८ पर्यंत थांबलात तर चकत्याही गेल्या समजा.

गुणोत्तर फार खाली नेण्यातही अर्थ नाही. तासाला चारेक किलोमीटरवर तोल सांभाळणे अवघड जाते आणि उभ्या चढावर पुढचे चाक उचलले जाऊ लागते. डांबरी रस्त्याला ०.६ च्या खाली सहसा गरज नसते. आणि पुढची लहान चकती चढ सुरू होण्याआधीच पाडा. जोर असताना पाडलीत तर चेन कडकडते आणि बरेचदा उतरते.

आपल्या पुरवणीत यापुढे सायकलींचा तक्ता येईल तेव्हा ‘गिअर’ या रकान्याऐवजी दोनच आकडे छापावेत, पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी. ठाणे-नवी मुंबईच्या दुकानदारांनीही किमतीच्या पट्टीवर ते लिहावेत. बहुतेक चकत्यांवर ते कोरलेलेच असतात. नसतील तर झडपेच्या टोपीएवढा खडूचा ठिपका एका दात्यावर करून गोल मोजायला मिनिटही लागत नाही.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
वर्तकनगर, ठाणे (प.)