प्रश्न कोणी काढायचे?

संपादक साहेब,
सर्टिफिकेशन परीक्षेसाठी प्रश्न कोणी पाठवावेत तर माझ्या मते ज्याच्याकडे ते सर्टिफिकेट आहे आणि जो रोज तेच काम करतो त्यानेच, पण त्यात नुकतेच पास झालेले पण हवेत, नाहीतर वीस वर्षं मुरलेला माणूस असं काही खोलातलं विचारतो की नवख्याला कामात त्याची गरजच पडत नाही. क्लास चालवणारे मात्र अजिबात नकोत, गोपनीयतेची सही घेतली तरी शिकवताना तोंडून निघतंच, आणि मग बाहेरच्या मुलांवर अन्याय होतो. नवीन प्रश्न आधी बिनमार्कांचा टाकून बघावा, पीएमपीच्या (प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या) परीक्षेत 2021 च्या बदलानंतर 180 पैकी 5 प्रश्न तसेच होते, बाकीच्यांनीही हे करावं.
- एक वाचक