रायफलीचे जास्तीचे पैसे कशाचे?

ऑस्टिन, टेक्सास

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ग्रीन कार्ड हातात आलं हे वाचून आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. एच-वन-बीवर असेपर्यंत आपल्यासारख्यांना बंदूक बाळगायला इथला कायदा सहसा परवानगी देत नाही, म्हणून तू इतकी वर्षं थांबलास. आता पहिलीच रायफल घ्यायची, तर ती नाइट्स कंपनीची एसआर-१५, म्हणजे एआर-१५ जातीचीच महागडी रायफल, घेऊ का, असं विचारतोस. सुमारे २७०० डॉलर! माझं उत्तर आधीच सांगतो: घेऊ नकोस. पण तुझ्या शेजाऱ्याने सुचवलेली साडेपाचशेवालीही घेऊ नकोस.

दिसायला सारख्याच या रायफलींच्या किमतीत एवढी तफावत का, ते आधी बघू. एआर-१५ ही मुळात आर्मालाइटमधल्या यूजीन स्टोनरची रचना. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्टने घेतले आणि १९७७ मध्ये तिच्या वायुयंत्रणेचं पेटंट संपलं. मग कुणीही बनवू लागलं. मापं ठरलेली, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. रिसीव्हरचे, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्याचे, कच्चे घडीव तुकडे तर मोजक्याच कारखान्यांतून येतात आणि त्यावर वेगवेगळी नावं कोरली जातात. म्हणजे रिसीव्हरवरच्या नावासाठी जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही. पैसे मोजायचे ते बॅरल, म्हणजे रायफलीची लांब नळी, आणि बोल्ट, म्हणजे गोळी सुटताना बॅरलचं मागचं तोंड बंद ठेवणारा तुकडा, यांच्यासाठी.

दुकानात गेलास की रायफल रिकामी आहे याची खात्री करून घे आणि बोल्ट कॅरियर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो मागेपुढे सरकणारा भाग, बाहेर काढून दाखवायला सांग. त्याच्या डोक्यावर एक छोटी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. गोळी सुटली की बॅरलमधला वायू मागे येऊन याच नळीतून आत शिरतो आणि कॅरियरला मागे ढकलतो. ते स्क्रू ढिले झाले की वायू गळतो, कॅरियर पुरता मागे जात नाही आणि पुढची गोळी चढत नाही. म्हणून चांगला कारागीर स्क्रूच्या कडेचा धातू ठोकून स्क्रूच्या डोक्यात रुतवतो. त्याला स्टेकिंग म्हणतात. नीट निरखून बघ. धातू खोल दबलेला, स्क्रूला घट्ट भिडलेला दिसला पाहिजे. स्वस्तातल्या काही रायफलींवर नुसता ओरखडा असतो, तो असून नसून सारखाच. मग बोल्टवर ‘एमपी’ अशी बारीक अक्षरं आहेत का पाहा. ती ‘मॅग्नेटिक पार्टिकल’ तपासणीची खूण. बोल्टला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकण सोडतात. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर कण तिथे गोळा होतात. कुणी प्रत्येक बोल्ट असा तपासतं, कुणी ढिगातला एखादाच. बोल्ट तुटतो तो बहुधा दातांपाशी किंवा मधल्या आडव्या पिनेच्या भोकापाशी, त्यामुळे ही तपासणी मला फार मोलाची वाटते. साडेपाचशे डॉलरची रायफल आणि चौदाशेची रायफल यांच्यातला बराचसा फरक अशा न दिसणाऱ्या कामात आहे आणि तो मी आनंदाने देईन.

बॅरलचंही तसंच. आतून क्रोमचा थर दिलेलं, थंड अवस्थेत हातोड्यांनी घडवलेलं बॅरल गंजाला आणि झिजेला दाद देत नाही, हजारो राउंड (म्हणजे गोळ्या) झाडले तरी टिकतं. पण क्रोममुळे नेम सुधारतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. त्याचा गुण टिकाऊपणाचा आहे. अचूकतेसाठी लोक बिनथराचं स्टेनलेस बॅरल घेतात, ते लवकर झिजतं.

आता तुझा कोल्हापुरी मुद्दा. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं, ते काय साध्या रायफलीवर, असं तू लिहितोस. खरं आहे. पण तो खेळ ५० मीटरवरचा, दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे महाग रायफलीने दिलेला केसाएवढा फरकही गुणांत दिसतो. शिवाय ती सेमी-ऑटोमॅटिक नसते, एकेक गोळी भरून मारायची असते. तू शंभर यार्डांवर साधी ५५ ग्रेन वजनाची गोळी मारणार. ती गोळीच मुळात दोन-तीन इंचांत पसरते. २७०० ची रायफल तो पसारा कमी करू शकत नाही.

एसआर-१५ मध्ये काहीच नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. तिच्या बोल्टचे दात गोलसर केलेले आहेत, त्यामुळे ताण कोपऱ्यात साचत नाही. हे खरोखर उत्तम काम आहे. वर्षाला हजारो राउंड झाडणाऱ्या स्पर्धकाने किंवा जिचा जीव त्या हत्यारावर अवलंबून आहे अशा व्यक्तीने जरूर घ्यावी. तू डावखुरा म्हणून दुकानदाराने दोन्ही बाजूंच्या बटणांचं कौतुक केलं असेल. ती सोय आहेच, पण दोन्हीकडून चालणारी सेफ्टी पन्नासेक डॉलरांत कुठल्याही एआरवर बसते. तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे तो उजव्या बाजूचा छोटा उंचवटा, जो उडालेली टरफलं तुझ्या चेहऱ्याकडे येऊ देत नाही. तो हल्लीच्या बहुतेक रायफलींना असतो, तरी बघून घे.

म्हणून बीसीएमसारख्या कंपनीची चौदाशे-पंधराशेच्या आसपासची घे. उरलेल्यातून चारशे-पाचशेचा चांगला रेड डॉट घे, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी दुर्बीणवजा काच. हजार राउंडांना आज साधारण पाचशे डॉलर लागतात, तेवढे बाजूला काढ आणि एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे दोन दिवसांचा वर्ग कर. तुझा नेम सुधारेल तो या गोळ्यांनी आणि त्या माणसाच्या नजरेने.

आणि तिजोरी रायफलीच्या आधी घरात आली पाहिजे. चिन्मय आता बारा वर्षांचा आहे, त्याचे मित्र घरी येत-जात असतात. भिंतीला बोल्टने पक्की केलेली लोखंडी तिजोरी, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि किल्ली फक्त तुम्हा दोघांकडे. पैसे कमी पडले तर रेड डॉट पुढच्या वर्षी घे, पण यात काटकसर करू नकोस. वहिनींच्या मनातली धास्ती तू पत्रात एका ओळीत उरकलीस. मला ती रास्त वाटते. त्यांना वर्गाला सोबत ने, त्यांनी रायफल चालवली नाही तरी चालेल, पण ती रिकामी आहे की भरलेली हे त्यांना ओळखता यायला हवं.

दुकानात जाशील तेव्हा बोल्ट कॅरियरचा जवळून फोटो काढून पाठव, स्टेकिंग कसं आहे ते मी बघून सांगतो. पैसे देण्याआधी पाठव.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग