कालवांची तपासणी अपुरी

मा. संपादक,

प्रयोगशाळेत मी कालवं तपासते. शिंपला उघडून आतली नखाएवढी काळपट पचनग्रंथी कापून घ्यायची. जुलाब-उलट्या घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू साचतो तो मुख्यतः तिथंच. कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, म्हणजे पाण्यातून जे येईल ते त्याच्या पोटात! तरी ‘सुरक्षित’ असा शिक्का बसतो तो विष्ठेतून येणाऱ्या ई. कोलाय जीवाणूच्या मोजणीवर. स्वच्छ पाण्यात दोनेक दिवस ठेवलं की हा जीवाणू बराचसा निघून जातो, विषाणू मात्र आठवडेच्या आठवडे चिकटून राहतो.

आणि जुलाब-उलट्यांसाठी दवाखाना गाठतात किती जण? सांडपाण्याच्या नमुन्यात घरीच झोपून राहिलेल्यांचीही नोंद होते. तिथं विषाणू वाढला की ते सांडपाणी जिथं पोहोचतं तिथली कालवांची काढणी थांबवायला हवी. सध्या आमच्याकडे कालवांचा आणि सांडपाण्याचा असे हे दोन अहवाल दोन वेगळ्या फायलींत पडून असतात.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ