दीड किलोची वसुली : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

आपल्याला कामं बरीच असतात, म्हणून चार ओळींत आटोपायचं ठरवून लिहायला बसले होते. तक्रार मांडायची, दोन मागण्या करायच्या, आभार मानायचे. पण गेल्या आठवड्यात सुट्टीवरून परतताना विमानतळावर आमची जी शोभा झाली, ती आठवली की हात चार ओळींवर थांबत नाही. लांबलेल्या पत्राबद्दल आधीच क्षमा मागते. शेवटापर्यंत हा नम्रपणा टिकेल असं वाटत नाही.

आम्ही चौघं होतो. मी, माझे यजमान, मुलगा आणि सासूबाई. चारही तिकिटं एकाच वेळी, एकाच कार्डावर काढलेली. माणशी वीस किलो सामान चालेल असं त्यावर छापलेलं. चौघांचे मिळून ऐंशी झाले आणि आमच्या चार बॅगा मिळून सत्तरच्याही आत होत्या. तरी काउंटरवरच्या मुलीनं सासूबाईंची बॅग अडवली. काट्यावर २१.४ आलं होतं. ‘जादा वजनाचे पैसे भरा, नाहीतर सामान कमी करा.’ मी म्हटलं, अहो, मुलाच्या बॅगेत सहा किलोची जागा आहे, एकूण बघा ना. तर या भाड्यात वजन एकत्र धरत नाहीत म्हणे. सिस्टिम घेत नाही.

सिस्टिम घेत नाही म्हटल्यावर माणसानं काय बोलायचं? अडला हरी! भर रांगेसमोर जमिनीवर बसून मी बॅग उघडली. सुट्टीत वापरलेले मळके कपडे, आतले कपडे, सासूबाईंच्या गोळ्यांच्या पट्ट्या, त्यांचा गुडघ्याला बांधायचा पट्टा, सगळं लोकांच्या पायांशी मांडलं. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मागच्या एका गृहस्थांनी घड्याळात बघून सुस्कारा सोडला, तो मला अजून ऐकू येतो. दीड किलो कपडे एका बॅगेतून काढून दुसरीत कोंबले, आणि दोन्ही बॅगा एकाच पट्ट्यावरून एकाच विमानाच्या पोटात गेल्या. विमानाचं ओझं एका ग्रॅमनं तरी कमी झालं का, साहेब?

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. पण बोर्डिंग गेटवर दुसरा अंक बाकी होता. तिथे एक लोखंडी साचा ठेवलेला. यजमानांची केबिन बॅग त्यात घाला म्हणाले. जाताना हीच बॅग, हीच कंपनी, कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. येताना तिची चाकं साच्याबाहेर दोन बोटं राहिली. दंड भरा. किती? काउंटरवर जेवढे लागले असते त्याच्या कितीतरी पट, कारण गेटचा दर वेगळा. विमान सुटायला थोडाच वेळ उरलेला, मुलगा रडकुंडीला आलेला, मागे परतायची सोय नाही. पैसे भरले. पावतीवर काय छापलंय ठाऊक आहे? ‘ऐच्छिक सेवा’. माझी इच्छा कुणी विचारली होती?

त्याच रांगेत एक तरुण पोरगा अंगावर तीन स्वेटर आणि दोन जॅकेटं चढवून उभा होता. खिशात चार्जर, पुस्तक, बुटांचा जोड. बॅग हलकी झाली, त्याला सोडलं. तेवढंच वजन बॅगेऐवजी अंगावरून विमानात गेलं. उकाड्यानं तो लालबुंद झाला होता, पण नियम पाळला गेला!

आता तुमचे अधिकारी सांगतील की बाई, विमानात वजनाला फार महत्त्व असतं, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. मान्य. म्हणूनच घरी आल्यावर मी वाचायला बसले. विमानाच्या वजनाचा ताळा मांडताना केबिनमधला प्रवासी आणि त्याची हँडबॅग बहुतेक ठिकाणी तोलून धरतच नाहीत, सरासरी धरतात. युरोपच्या नियमांत मोठ्या विमानांसाठी प्रौढ प्रवासी हँडबॅगेसह ८४ किलोचा मानला जातो, आणि खास सुट्टीसाठी निघालेल्या चार्टर विमानात तर ७६ किलोचा. म्हणजे सुट्टीवर निघालेला माणूस त्यांच्या कागदावर हलका असतो! विमान उडवायचं तेव्हा माझी सरासरी काढायची, आणि पैसे घ्यायचे तेव्हा मला दशांश चिन्हापर्यंत तोलायचं. हे कुठलं शास्त्र?

इंधनाचंही बघा. जादा वजन वाहून नेताना तासाला त्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन जळतं असा ढोबळ हिशेब विमानवाले स्वतःच सांगतात. आमचं विमान दोन तासांचं. १.४ किलोला चार टक्क्यांनी, दोन तासांचे किती? शंभर-सव्वाशे ग्रॅम. गणित माझं आहे, चुकलं असेल तर तुमच्याकडे तज्ज्ञांची फौज आहे, त्यांनी दुरुस्त करावं. पण त्या शंभर ग्रॅम इंधनासाठी जो दर माझ्यासमोर ठेवला, त्या दरानं सगळं इंधन विकलं तर तेलाच्या विहिरींचे मालक विमान कंपनीत नोकरी मागायला येतील. एअरबस ए३२० सारखं विमान उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ७८ टनांच्या आसपास असतं. त्यात माझ्या सासूबाईंच्या दीड किलोनं तोल जाणार होता का?

एक नियम मात्र मला पटतो, तोही सांगते. एकेका बॅगेला ३२ किलोची कमाल मर्यादा असते, ती सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी. ती हवीच. उलट त्या कामगारांच्या पाठी दाखवून कंपन्या वीस आणि एकवीस किलोंमधला फरक विकतात, याचा मला जास्त राग येतो. जादा शुल्कातलं काय त्या हमालांच्या हातात पडतं, हे एकदा विचारून बघा.

ही प्रथा काही आभाळातून पडलेली नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं २००८ च्या जून महिन्यात पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले, तेव्हा कारण दिलं तेलाच्या भावाचं. खरंच तेल तेव्हा भडकलं होतं, जुलैत पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. डिसेंबरात ते चाळीसच्या खाली आलं. शुल्क आलं का खाली? २०२३ साली अमेरिकी कंपन्यांनी नुसत्या बॅगांच्या शुल्कातून ७ अब्ज डॉलरच्या वर कमावले. ‘आमच्याकडे बॅगा फुकट’ असं वर्षानुवर्षं मिरवणाऱ्या साउथवेस्टनंही २०२५ च्या मे महिन्यात ती परंपरा गुंडाळली. आणखी गंमत म्हणजे, तिथे देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के केंद्रीय कर लागतो, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. मग कंपनी तिकीट स्वस्त दाखवून बॅगेतून का वसूल करणार नाही? सरकारनंच वाट आखून दिली आहे. आपल्याकडे ही वाट कुणी आखली, ते तुम्ही सांगावं.

आणि गेटवरच्या त्या उत्साहाचं रहस्यही मला आता कळलं. अमेरिकी सेनेटच्या एका उपसमितीनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल काढला. फ्रंटियर आणि स्पिरिट या दोन कंपन्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून २ कोटी ६० लाख डॉलर गेटवरच्या आणि इतर कर्मचाऱ्यांना वाटले, बॅगांच्या नियमात न बसणारे प्रवासी पकडण्यासाठी. युरोपात रायनएअर मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस देते आणि ते लपवतही नाही. आमच्या गेटवरच्या मुलाला बॅगेमागे काही मिळत होतं का, मला ठाऊक नाही. मिळत असेल तर त्याचा राग मी धरणार नाही, त्याचा पगारच तेवढा असेल. पण तुम्हाला तरी ठाऊक आहे का? की तुमचं खातं हे विचारतच नाही?

प्रश्न विचारणारे जगात आहेत. युरोपीय न्यायालयानं २०१४ सालीच सांगितलं की वाजवी वजनाची आणि आकाराची हँडबॅग हा प्रवासाचा अटळ भाग आहे, तिला वेगळं शुल्क लावता येत नाही. त्याच आधारावर स्पेनच्या ग्राहक मंत्रालयानं २०२४ मध्ये रायनएअर, व्ह्यूलिंग, इझीजेट, नॉर्वेजियन आणि व्होलोटिया या पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोकला. कंपन्या कोर्टात गेल्या, तो त्यांचा हक्क. पण एका मंत्र्यानं निदान मनावर तरी घेतलं. कंपन्यांच्या संघटनेची कथा वेगळी. ‘आयाटा’नं २०१५ मध्ये केबिन बॅगेचं ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटर असं एकच माप सुचवलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते बासनात गुंडाळलं. त्यामुळे आजही एका कंपनीच्या साच्यात बसणारी बॅग दुसरीकडे गुन्हेगार ठरते. प्रवाशानं कंपनीगणिक बॅग विकत घ्यावी अशी योजना असेल तर तसं जाहीर करा.

तेवढ्यात काट्याचंही विचारून घेते. भाजीवाल्याच्या काट्यावर शिक्का नसेल तर त्याला दंड होतो, आणि व्हायलाच हवा. चेक-इनच्या काट्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे प्रवाशाला दिसेल असं तिथे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. वीसच्या आत भरलेली बॅग तिथे एकवीसच्या पुढे कशी जाते, हे विचारायचं कुणाला?

कंपनीनं चूक केली तर मात्र सगळं सावकाश चालतं. जगभरात २०२४ मध्ये सव्वातीन कोटींहून जास्त बॅगा हरवल्या, उशिरा आल्या किंवा तुटल्या. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या नुकसानभरपाईचे नियम ठरवणाऱ्या मॉन्ट्रियल करारानुसार उशीर झालेली बॅग हरवली असं धरायला २१ दिवस थांबावं लागतं, आणि तुटलेल्या बॅगेची तक्रार मात्र प्रवाशानं सात दिवसांत करायची. माझ्या दीड किलोचा निकाल दोन मिनिटांत लागला. ना सुनावणी, ना अपील.

मूळ दुखणं बॅगेचं नाहीच, मंत्रिमहोदय. खरी किंमत लपवून माणसाला आत ओढायचं आणि परतीची दारं बंद झाली की सोलायचं, ही आता सगळीकडची रीत झाली आहे. कर्ज स्वस्त, प्रक्रिया शुल्क वेगळं. शाळेची फी कमी, उपक्रमांचे पैसे वेगळे. रुग्णालयाचं पॅकेज ठरलेलं, आणि बिलाला शेपूट हातभर. प्रत्येक ठिकाणी तारांकित अटी, आणि त्या वाचायला भिंग लागतं. सरकारनं निदान बाजूला उभं राहून शिट्टी वाजवावी, तर ते म्हणतं बाजार ठरवेल. बाजार ठरवतो म्हणजे कुणाचं ठरतं, ते गेटवर कळलं. सुट्टीसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकणारी कुटुंबं ही यांची हक्काची कमाई. कामासाठी उडणाऱ्याचा खर्च त्याचं ऑफिस सोसतं, आमचा कोण सोसणार?

मागण्या लिहायच्या राहिल्याच. चौघांची बॅग धरून तिकिटाची पूर्ण किंमत पहिल्याच पानावर दिसू द्या. एका आरक्षणातल्या कुटुंबाचं वजन एकत्र धरा. गेटचा दर काउंटरच्या दरापेक्षा जास्त नको. केबिन बॅगेचं एकच माप ठरवा, आणि ते जाताना व येताना सारखंच राहील एवढं बघा. काट्यावर तपासणीची तारीख लावा. बॅगा पकडण्यावर कर्मचाऱ्यांना बक्षीस देत असाल तर ते जाहीर करा, अशी सक्ती करा. यातल्या कशालाही नवं विमान लागत नाही, नवा विमानतळ लागत नाही, उद्घाटनाची फीतही लागत नाही. कदाचित म्हणूनच राहून जात असेल.

तक्रार मी केली आहे, तेव्हा तक्रार करा असा सल्ला कृपया देऊ नका. तक्रार निवारणाच्या पत्त्यावर पाठवलेलं माझं निवेदन त्यांनी ‘योग्य कार्यवाहीसाठी’ त्याच कंपनीकडे पाठवलं. कंपनीनं नियमानुसार आकारणी झाल्याचं कळवलं, आणि तेवढ्यावर तक्रार ‘निकाली’ निघाली. मग सेवा कशी वाटली, पाच ताऱ्यांपैकी किती द्याल, असा संदेशही आला.

हे पत्रही आपण कंपनीकडे पाठवणार असाल तर कृपया तसदी घेऊ नका. तिथलं उत्तर माझ्याकडे आहे. मला तुमचं हवं आहे.

कळावे,
जादा वजनाची एक प्रवासी