टीव्हीचा आवाज रेडिओला पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समालोचनाच्या खर्चाविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेल्या लेखाचा सूर असा होता की, टीव्हीवर दोन समालोचक बोलतच असतात, तर त्यांचाच आवाज रेडिओवर आणि मोबाइलच्या ऑडिओवर सोडावा. वेगळी माणसे कशाला पोसायची? दाखला अमेरिकी बेसबॉलचा दिला आहे. दाखला खरा आहे, पण अर्धवट. टोरंटो ब्लू जेज या संघाच्या प्रसारकाने २०२१च्या मोसमात स्वतंत्र रेडिओ समालोचन बंद करून टीव्हीचाच आवाज रेडिओवर दिला, इथवर लेखात आले. पुढच्याच मोसमात रेडिओवर पुन्हा स्वतंत्र समालोचक आला, हे राहून गेले.

बेसबॉलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण ३०० चेंडू पडतात. रेडिओवाल्याला त्यातल्या प्रत्येक चेंडूचा हिशेब द्यावा लागतो. बॉल (न खेळलेले, ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे चेंडू) किती, स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजले जाणारे चेंडू) किती, त्यातही बॉलचा आकडा नेहमी आधी, आउट किती, कोणत्या बेसवर (धावेसाठी गाठायच्या टप्प्यावर) कोण, हे आधी. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात फिरू लागला की त्याची हालचाल, मग चेंडू वेगवान की वळणारा, आत की बाहेर, निकाल, आणि लगेच नवा आकडा. फटका बसला तर चेंडू जमिनीवरून गेला की हवेत, कोणत्या बाजूला, कोणाच्या हाती लागला, फेक कुठे झाली आणि अंपायरने काय दिले, याच क्रमाने. निकाल आधी ओरडून ‘कसे झाले’ ते मागाहून सांगणारा नवखा लगेच ओळखू येतो.

टीव्हीवाल्याला यातले बहुतेक काही बोलावे लागत नाही आणि त्याने बोलूही नये. गुण, बॉल-स्ट्राइक, बेसवरचे धावपटू सगळे पडद्याच्या कोपऱ्यात असते. तो “काय झेल घेतला!” म्हणतो आणि रिप्लेकडे वळतो. हेच वाक्य गाडी चालवणाऱ्याच्या कानावर पडले तर झेल कोणी घेतला, कुठे घेतला, धाव झाली की नाही, यातले काहीच त्याला कळत नाही. २०२३पासून पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारे घड्याळ) आल्यावर तर आणखी पंचाईत झाली आहे. बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावीच लागते. टीव्हीवरच्या जोडीच्या गप्पा अर्ध्यावर असताना पुढचा चेंडू पडून गेलेला असतो. बघणाऱ्याला तो दिसतो, ऐकणाऱ्याला फक्त प्रेक्षकांचा गलका.

गुण सांगायला विसरणे हा या धंद्यातला सगळ्यात जुना दोष. ब्रुकलिन डॉजर्स (हाच संघ पुढे लॉस एंजेलिसला गेला) या संघाचे समालोचक रेड बार्बर त्यासाठी समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. वाळू संपली की घड्याळ उलटायचे आणि गुण सांगायचे. मधेच रेडिओ लावणाऱ्याला ताटकळत ठेवायचे नाही, एवढाच हेतू. आजही यापेक्षा स्वस्त आणि चोख उपाय दुसरा नाही.

दुसरा दोष उंच फटक्याचा. समालोचकाची खोली होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे, बरीच उंचावर असते. तिथून चेंडू उंच जाताना दिसतो, पण किती लांब पडेल याचा अंदाज हमखास चुकतो. ‘होम रन’ (कुंपणापार गेलेला फटका) म्हणून आवाज चढवावा आणि कुंपणाशी झेल व्हावा, यासारखी फजिती नाही. म्हणून जाणती माणसे चेंडूवरची नजर काढून आउटफिल्डरवर (कुंपणाकडच्या क्षेत्ररक्षकावर) लावतात. तो सावकाश मागे सरकतोय की पाठ फिरवून पळतोय, कुंपणाला हात लावून वर बघतोय की जागीच थांबला, यावरून खरे काय ते कळते.

म्हणूनच पडदा बघून केलेले समालोचन लंगडे पडते. २०२०मध्ये कोविडमुळे बाहेरगावचे सामने समालोचकांनी मॉनिटरसमोर बसून सांगितले. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे आउटफिल्डर चौकटीबाहेर. दुसऱ्या बेसवरून निघालेला धावपटू तिसरा ओलांडून होमकडे वळला की थांबला, हे दिग्दर्शकाने चित्र बदलेपर्यंत कळत नाही. क्षेत्ररक्षक चेंडूआधी कुठे उभे आहेत, झेंडा कुठल्या वाऱ्याने फडकतोय, पुढचा पिचर हात मोकळा करायला उठलाय का, या गोष्टी चौकटीत क्वचितच येतात. त्यात मैदानाचा आवाज चित्राच्या आधी पोचला तर प्रेक्षक ओरडतात आणि समालोचकाच्या पडद्यावर चेंडू अजून पिचरच्या हातात!

यावर कोणी व्हिन स्कलींचे नाव पुढे करील. डॉजर्ससाठी त्यांनी १९५० ते २०१६ अशी ६७ वर्षे समालोचन केले आणि शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या पहिल्या तीन इनिंग (डाव) टीव्ही आणि रेडिओवर एकदमच जात. मान्य. पण ते एकटे बोलत, जोडीदाराशी गप्पा नाहीत, आणि टीव्हीवरही रेडिओच्या शिस्तीने सांगत. चौथ्या इनिंगपासून मात्र रेडिओसाठी वेगळा माणूस असेच. त्यांच्या शब्दांची पकड केवढी होती पाहा. १९५८ ते १९६१ डॉजर्स लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये खेळत. तिथल्या कित्येक जागा होम प्लेटपासून इतक्या दूर की लोक मैदानातच ट्रान्झिस्टर आणून त्यांचे समालोचन ऐकत. १९६०मध्ये फ्रँक सेकोरी या अंपायरचा वाढदिवस असल्याचे त्यांनी रेडिओवर सांगितले, तीनपर्यंत आकडे मोजले, आणि अख्ख्या मैदानाने एका सुरात शुभेच्छा दिल्या.

मराठीसाठी महत्त्वाचा दाखला मात्र हाइमे हारीन यांचा. १९५९ ते २०२२ त्यांनी डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये सांगितले. सुरुवातीच्या वर्षांत स्पॅनिश समालोचकांना बाहेरगावी पाठवत नसत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत इंग्रजी रेडिओ समालोचन कानावर घेत ते त्याच वेळी स्पॅनिशमध्ये सामना उभा करत. हे जमले, कारण मूळ समालोचनात प्रत्येक चेंडूचा तपशील होता. टीव्हीच्या आवाजावरून हे कोणालाच जमले नसते.

आपल्याकडे आयपीएलचे मराठी समालोचन मोबाइलवर आले, ही आनंदाची गोष्ट. पण फोन खिशात ठेवून ते ऐका. ओव्हर संपते तरी धावसंख्या कळत नाही. क्षेत्ररचना तर कोणी सांगतच नाही. बाळ ज. पंडितांचे आकाशवाणीवरचे समालोचन ऐकलेल्या पिढीला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

राहता राहिला खर्च. १९४८मध्ये डॉजर्सला अर्नी हारवेल समालोचक म्हणून हवे होते, तेव्हा त्यांच्या बदल्यात अटलांटा क्रॅकर्स या संघाला त्यांनी एक कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) देऊन टाकला होता! एवढे कोणी मागत नाही. ऑडिओचा पर्याय द्यायचाच असेल तर त्यासाठी एक स्वतंत्र माणूस मैदानात बसवावा, मॉनिटर त्याला फक्त रिप्लेपुरता द्यावा. जोडी नको, एकटा पुरे. समोर वाळूचे घड्याळ असले तर उत्तमच.

आपला,
एक वाचक, ठाणे